पहाटेची साक्ष

इंग्रजी वाङ्मयाच्या वर्गात मी बरीच वर्षे रिचर्ड क्रॅशॉ या सतराव्या शतकातील कवीची ‘द वीपर’ ही कविता शिकवीत असे. कविता मग्दालीया मरीयेच्या अश्रूंविषयी आहे. ती शिकवण्यापूर्वी विद्यार्थ्यांना पार्श्वभूमी सांगावी लागे आणि ती मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगत असे. मरीया ही एक पतिता, देहविक्रय करणारी, येशूच्या सहवासात तिला पश्चात्ताप झाला, तिने आसवांनी त्याचे पाय धुतले, आपल्या केसांनी ते पुसले आणि ती त्याची शिष्या झाली. इंग्रजीतील ‘मॉडलिन’ हा रडवेपणाचा वाचक शब्द तिच्याच नावाच्या अपभ्रंशातून आला आहे, हेही मी सांगत असे. ती माहिती विद्यार्थी न चुकता वहीत उतरवून घेत.

एका वर्षी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. ती ख्रिस्ती होती आणि वर्गात फारशी बोलत नसे. “मॅडम, हे कोणत्या अध्यायात आहे?” एवढेच तिने विचारले. तिच्या स्वरात आव्हान नव्हते. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते. पाहून सांगते, असे म्हणून मी पुढच्या कडव्याकडे वळले. परीक्षा जवळ आली होती, अभ्यासक्रम उरला होता. त्या प्रश्नाचे उत्तर मी तिला कधीच दिले नाही.

ग्रंथालयातून मराठी पवित्र शास्त्र काढून मी ते शोधले, तेव्हा ती मुलगी महाविद्यालय सोडून गेली होती. चारही शुभवर्तमाने ओळीने वाचली. तो अध्याय सापडला नाही, कारण तो नाहीच. मग्दालीया मरीया वेश्या होती, असे मत्तय म्हणत नाही, मार्क म्हणत नाही, लूक आणि योहानही म्हणत नाहीत. जी गोष्ट मी इतकी वर्षे मूळ ग्रंथाचा दाखला असल्याच्या थाटात सांगत होते, तिला त्या ग्रंथात आधारच नव्हता. मी धर्माने ख्रिस्ती नाही. पण संहितेशी प्रामाणिक राहावे हा अध्यापकाचा धर्म असतो, आणि त्या धर्माला मी चुकले होते.

मग शुभवर्तमानांत आहे तरी काय? लूकच्या आठव्या अध्यायात तिचा पहिला उल्लेख येतो. जिच्यातून सात भुते निघाली ती मरीया, तिच्याबरोबर हेरोदाच्या कारभाऱ्याची पत्नी योहान्ना, सुसान्ना आणि इतर पुष्कळ स्त्रिया येशूबरोबर गावोगाव फिरत होत्या आणि आपल्या पैशाअडक्याने त्या परिवाराचा योगक्षेम चालवीत होत्या. सात भुते म्हणजे एखादा दारुण आजार असावा. त्या काळची भाषा तशीच होती. तिची ओळख कोणाची पत्नी, कोणाची कन्या वा माता अशी करून दिलेली नाही. ती तिच्या गावावरून करून दिली आहे. गालील सरोवराच्या काठचे मग्दाला हे ते गाव. त्यानंतर ती दिसते थेट क्रुसाजवळ. बहुतेक शिष्य पांगलेले असताना ती तिथे उभी आहे. देह कुठे ठेवला हे पाहणाऱ्यांत ती आहे. आणि शब्बाथ संपल्यावर, पहाटेच्या अंधारात, कबरेपाशी जाणारीही तीच आहे.

योहानाच्या विसाव्या अध्यायातील तो प्रसंग मी त्या दिवशी उभ्यानेच वाचला. कबर रिकामी आहे. पेत्र आणि दुसरा शिष्य धावत येतात, पाहतात आणि घरी परततात. मरीया मात्र तिथेच रडत राहते. मागे उभ्या असलेल्या येशूला ती ओळखत नाही. तिला तो बागेचा माळी वाटतो. देह तुम्ही नेला असेल तर कुठे ठेवला ते सांगा, मी घेऊन जाईन, असे ती त्याला विनवते. मग तो केवळ तिचे नाव उच्चारतो आणि ती त्याला ओळखते. मला धरून ठेवू नकोस, जा आणि माझ्या भावांना सांग, असा त्याचा आदेश होतो. ती जाते आणि आपण प्रभूला पाहिले असे सांगते. ख्रिस्ती श्रद्धेचा सारा डोलारा ज्या वार्तेवर उभा आहे, ती वार्ता सर्वप्रथम एका स्त्रीच्या मुखातून बाहेर पडली.

ती वार्ता ऐकणाऱ्यांनी काय केले, हेही लूकने लपवलेले नाही. स्त्रियांचे ते बोलणे प्रेषितांना वायफळ बडबड वाटली. स्त्रियांची साक्ष ग्राह्य धरू नये, असे पहिल्या शतकातील यहुदी इतिहासकार योसेफसने नमूद करून ठेवले आहे. पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात पुनरुत्थित ख्रिस्ताचे दर्शन झालेल्यांची यादी दिली, तीत पेत्र आहे, बारा शिष्य आहेत, पाचशे बंधू आहेत, याकोब आहे. मरीयेचे नाव नाही. दुसऱ्या शतकात सेल्सस या ख्रिस्तविरोधी लेखकाने तर एका भ्रमिष्ट बाईच्या सांगण्यावर तुमचा धर्म उभा आहे, अशी टर उडवली. तिच्या पतनाची कथा रचली जाण्याच्या कितीतरी आधी तिच्या साक्षीविषयीचा हा संकोच सुरू झाला होता.

पतनाची कथा मात्र निश्चित रूपाला आली ती इसवी सन ५९१ मध्ये, पोप पहिले ग्रेगरी यांच्या एका प्रवचनात. लूकच्या सातव्या अध्यायात एका परुश्याच्या घरी आलेली एक निनावी ‘पापी स्त्री’ आहे. आसवांनी पाय भिजवणारी, केसांनी पुसणारी ती. तिचे पाप कोणते, हे लूक सांगत नाही. योहानाच्या बाराव्या अध्यायात बेथानी गावची मरीया, मार्था आणि लाजर यांची बहीण, येशूच्या पायांना सुगंधी तेल लावून ते केसांनी पुसते. आणि लूकच्या आठव्या अध्यायात, त्या निनावी स्त्रीच्या गोष्टीला अगदी लागूनच, मग्दालीयेचे नाव येते. बेथानी यरुशलेमजवळ, मग्दाला दूर उत्तरेला गालीलात. तरी सुगंध, केस आणि अश्रू यांच्या धाग्यांनी ग्रेगरींनी तिन्ही स्त्रिया एकत्र गुंफल्या. सात भुते म्हणजे सात दुर्गुण ठरले, आणि ते सुगंधी तेल तिने पूर्वी आपल्या देहासाठी वापरलेले ठरले.

ग्रेगरींचा हेतू दुष्ट होता असे मला म्हणवत नाही. आदल्याच वर्षी रोममध्ये प्लेगने थैमान घातले होते. लोंबार्डांच्या स्वाऱ्यांचे भय होते. अशा भयभीत लोकांना, कितीही खोल बुडालेला माणूस वर येऊ शकतो, हे सांगणारी एक मूर्ती हवी होती. ती त्यांनी घडवली, आणि पुढे शतकानुशतके असंख्य जिवांना तिने दिलासा दिला. तो दिलासा खोटा नव्हता. पण एका हाताने तो देताना दुसऱ्या हाताने काय काढून घेतले गेले, याचा हिशेब कुणी मांडला नाही. जी बोलण्यासाठी पाठवली गेली होती, ती रडण्यासाठी उरली. पौर्वात्य चर्चने तिन्ही स्त्रिया वेगळ्याच मानल्या. तिथे मग्दालीया ही कबरेकडे सुगंधी द्रव्ये घेऊन जाणारी आणि ‘प्रेषितासमान’ अशी संत राहिली. तिच्या वाट्याला पाप आले ते पश्चिमेत.

चित्रकारांनी मग त्या अश्रूंना देह दिला. आमच्या ग्रंथालयातील एका जाड चित्रसंग्रहात टिशनची मग्दालीया होती: १५३० नंतरच्या दशकातील, डोळे आकाशाकडे लावलेली, अंगावर सोनेरी केसांखेरीज वस्त्र नसलेली. पश्चात्ताप आणि प्रलोभन एकाच चौकटीत बसवण्याची ती चतुर सोय होती. त्याच संग्रहात दोनातेल्लोचे फ्लॉरेन्समधील लाकडी शिल्पही होते: उपासाने हाडे उरलेली, केसांच्या जटांनी झाकलेली वृद्ध तपस्विनी. ती तपश्चर्याही मूळची मग्दालीयेची नव्हे. अलेक्झांड्रियातील गतजीवन सोडून वाळवंटात गेलेल्या इजिप्तच्या मरीयेची कथा तिच्या कथेत मिसळली होती. तरीही मध्ययुगातील धर्मपंडित तिला ‘प्रेषितांची प्रेषिता’ म्हणत राहिले, ही त्या परंपरेतील मोठी विसंगती. उपाधी ग्रंथांत टिकली. लोकांच्या डोळ्यांसमोर मात्र मोकळ्या केसांची पापिणीच राहिली.

प्रतिमा चित्रात राहिली असती, तर हा केवळ कलेतिहासाचा विषय ठरला असता. पण तिच्या नावाने इमारती उभ्या राहिल्या. १७५८ मध्ये लंडनमध्ये ‘मॅग्डलेन’ नावाचे पतितांचे आश्रयस्थान निघाले, पुढच्या दशकात डब्लिनमध्ये. आयर्लंडमध्ये या संस्थांचे रूपांतर कपडे धुण्याच्या कारखान्यांत झाले. तिथे पाठवल्या गेलेल्या सगळ्या अविवाहित माता नव्हत्या. कुणी न्यायालयाने धाडलेल्या, कुणी अनाथालयातून आलेल्या, कुणी घरच्यांना नकोशा झालेल्या. त्या बिनपगारी राबत. १९९३ मध्ये डब्लिनमधील अशा एका संस्थेची जमीन विकली गेली, तेव्हा तिथल्या दफनभूमीतून दीडशेहून अधिक स्त्रियांचे अवशेष उकरून काढले गेले. त्यांतील अनेकींच्या मृत्यूची नोंदही नव्हती. शेवटचा कारखाना बंद झाला १९९६ मध्ये. १९२२ पासून सुमारे दहा हजार स्त्रिया या दारांतून आत गेल्या, असे २०१३ च्या सरकारी अहवालाने सांगितले आणि त्याच वर्षी आयर्लंडच्या पंतप्रधानांनी संसदेत क्षमा मागितली. एका प्रवचनातील रूपक कुठवर पोहोचते, ते हे असे.

आणि तरीही हे प्रकरण इतके एकरंगी नाही, याची आठवण मला आपल्याच एका स्त्रीने करून दिली. १८८३ मध्ये इंग्लंडला गेलेल्या पंडिता रमाबाईंनी लंडनच्या फुलहॅम भागात ख्रिस्ती भगिनींनी चालवलेले ‘पतित’ स्त्रियांचे आश्रयगृह पाहिले. ज्यांची सावलीही समाज टाळतो, त्या स्त्रियांना इथे मायेने वागवले जाते, हे पाहून त्या हेलावल्या. त्या अनुभवाविषयी त्यांनी आपल्या आत्मनिवेदनात लिहून ठेवले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये अशा स्त्रियांसाठी त्यांनी कृपासदन उघडले. दार तेच, आत गेल्यावर काय मिळते, ते दार उघडणाऱ्या हातावर ठरते. आयुष्याच्या उत्तरार्धात रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून मुळावरून सबंध बायबल मराठीत आणले. १९२२ मध्ये त्या गेल्या; १९२४ मध्ये ते भाषांतर केडगावच्याच छापखान्यात छापून निघाले. तिथे अक्षरजुळणी करणाऱ्या मुली-बायका मुक्तीतल्याच होत्या. योहानाच्या विसाव्या अध्यायाचे खिळे जुळवणारा हात यांपैकी कुणाचा तरी असणार, हा विचार मला राहून राहून येतो. जिचे सांगणे बडबड ठरले होते, तिचे सांगणे टाकून दिलेल्या स्त्रियांनी अक्षर अक्षर लावून छापले.

विसाव्या शतकाने मग्दालीयेला पुन्हा उकरून काढले, तेही अक्षरशः. १८९६ मध्ये कैरोत एका जर्मन विद्वानाने विकत घेतलेल्या कॉप्टिक हस्तलिखितात ‘मरीयेचे शुभवर्तमान’ होते. छापखान्यात फुटलेली पाण्याची नळी आणि दोन महायुद्धे यांतून वाट काढीत ते १९५५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची पहिली सहा आणि मधली चार पाने गहाळ आहेत. उरलेल्या भागात मरीया शिष्यांना धीर देते, येशूने आपल्याला सांगितलेले त्यांना सांगते. आणि पेत्र विचारतो, तो आम्हाला वगळून एका बाईशी बोलला काय? मरीया रडते; पण हे रडणे पश्चात्तापाचे नाही, आपला शब्द खोटा ठरवला गेल्याचे आहे. लेवी तिची बाजू घेतो. या ग्रंथाला चर्चने कधी मान्यता दिली नाही. परंतु कुणाचा शब्द धरायचा, हा वाद किती जुना आहे हे त्यातून दिसते.

आणखी एक ग्रंथ, फिलिपाचे शुभवर्तमान, १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या संग्रहातला. त्यात तिला येशूची सहचारिणी म्हटले आहे आणि पुढे चुंबनाच्या उल्लेखापाशी नेमका पपायरस फाटलेला आहे. त्या छिद्रात आधुनिक कल्पनेने पुष्कळ काही भरले. २००३ मधील ‘द दा विंची कोड’ या कादंबरीने तर तिला येशूची पत्नी करून टाकले. अनेकांना तो तिचा गौरव वाटला. मला वाटला नाही. पापिणी पुसून त्याच जागी पत्नी लिहिली गेली. दोन्ही वेळा तिची किंमत देहाच्या नात्यावरून ठरली. ती काय बोलली, हा प्रश्न दोन्ही वेळा मागेच राहिला.

दुरुस्ती झाली, पण किती सावकाश! १५१७ मध्ये लफेव्ह्र देताप्ल या फ्रेंच पंडिताने तिन्ही स्त्रिया वेगळ्या असल्याचे दाखवून दिले, तेव्हा पॅरिसच्या धर्मपीठाने १५२१ मध्ये त्याचे मत निषिद्ध ठरवले. १९६९ च्या पंचांग-सुधारणेत रोमन चर्चने तिच्या सणाच्या उपासनेतून पापी स्त्रीचा संदर्भ गाजावाजा न करता वगळला. १९८८ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी स्त्रियांविषयीच्या आपल्या पत्रात ‘प्रेषितांची प्रेषिता’ या जुन्या उपाधीचे स्मरण केले, आणि २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांच्या काळात २२ जुलै या तिच्या दिवसाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा मिळाला. मध्यंतरी, २००९ मध्ये, खुद्द मग्दाला येथे पहिल्या शतकातील सभास्थान उत्खननात सापडले. मासे खारवण्याच्या धंद्यावर गजबजलेले ते गाव होते. स्वतःचा पैसा खर्च करू शकणारी स्त्री तिथून यावी, यात अशक्य काहीच नाही.

ग्रेगरींपासून २०१६ पर्यंत चौदाशेहून अधिक वर्षे होतात. त्यांतली काही वर्षे माझ्या वर्गातली आहेत. पुढे मी ती कविता शिकवताना पार्श्वभूमी बदलली. अध्याय सांगू लागले, आणि कोणत्या अध्यायात काय नाही, तेही. क्रॅशॉची कविता त्यामुळे लहान झाली नाही. कवीच्या हाती परंपरेने जे दिले, त्याचे त्याने सोने केले. ते सोने कोणाच्या घरातून आले, एवढेच विद्यार्थ्यांनी ओळखावे. पण आधीच्या वर्षांतल्या वह्या तशाच राहिल्या. त्यातले काही विद्यार्थी आता स्वतः शिकवीत असतील, आणि माझेच वाक्य फळ्यापाशी उभे राहून सांगत असतील.

त्या मुलीचे पुढे काय झाले, मला ठाऊक नाही. तिला उत्तर कदाचित आधीच माहीत असेल; आपल्या घरात, आपल्या चर्चमध्ये तिने तो पहाटेचा प्रसंग लहानपणापासून ऐकला असेल, आणि म्हणूनच माझी गोष्ट तिला ओळखू आली नसेल. तिने विचारले, आणि मी तिचे बोलणे ऐकून घेऊन पुढच्या कडव्याकडे वळले. मूळ संहिता न पाहता केलेल्या चुकीपेक्षा हे वळणे मला आता अधिक बोचते. ती कुठे असेल तिथे हे तिच्या वाचनात आले, तर तिने समजून घ्यावे: तू विचारलास तो अध्याय नाहीच. जो आहे, तो योहानाचा विसावा.