सावकाश

पाठ आणि कंबर या दोन अवयवांवर मराठी भाषेचा विलक्षण जीव आहे. काम अंगावर आलं की आपण कंबर कसतो. महागाई तीच कंबर मोडून टाकते. मित्र पाठीशी उभा राहतो, वैरी पाठीत वार करतो, गुरुजन पाठ थोपटतात आणि ज्याला स्वतःचं मत नाही त्याला ‘कणाच नाही’ असं म्हणून आपण मोकळे होतो. इतकी वर्षं हे सारं मी नुसतं पाठ केलं होतं. गेल्या डिसेंबरात त्याचा अर्थ कळला.

तालमीत रोजच्यासारखा सराव चालला होता. जोडीदाराला उचलून फिरवताना कंबरेत वीज चमकावी तसं झालं आणि मी लाल मातीत होतो तिथेच बसलो. दोष कोणाचाच नव्हता. शिंकणं, हसणं, कूस बदलणं ही सगळी कंबरेची कामं आहेत, हे ज्ञान मला त्या रात्री झालं.

दुसऱ्या दिवसापासून माणसं समाचाराला येऊ लागली. शहापुरातल्या आमच्या गल्लीत घरटी एक वैद्य आहे. पदवी तेवढी नाही. कोणी विटेचा शेक सांगितला, कोणी हाडवैद्याचा पत्ता दिला. शेजारच्या काकूंनी तर पायाळू माणूसच शोधून आणला. पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, असा आपल्याकडचा जुना समज. त्या भल्या गृहस्थानं फारच हळुवारपणे पाय लावला. उसण काही हलली नाही. उपायांबद्दल मतभेद कितीही असले तरी एका गोष्टीवर साऱ्यांचं एकमत होतं. ‘महिनाभर फळीवर पडून राहा. अजिबात हलायचं नाही.’

डॉक्टरांनी नेमकं उलटं सांगितलं. आधी त्यांनी विचारलं, कळ पायात उतरते का? पाय बधिर किंवा लुळा वाटतो का? लघवीवर ताबा आहे ना? पायातली ताकद किंवा लघवीवरचा ताबा गेला असता, तर ताबडतोब इस्पितळ गाठावं लागलं असतं. माझं तसं काही नव्हतं. ‘मग परवा उठा आणि चालायला लागा,’ ते म्हणाले. मी त्यांच्याकडे पाहतच राहिलो. तेव्हा त्यांनी समजावलं. पूर्वी डॉक्टर मंडळीही दीर्घ विश्रांती सांगत असत. १९८६ साली अमेरिकेत एक तुलना झाली : काही रुग्णांना दोन दिवस झोपून राहायला सांगितलं, काहींना सात दिवस. दुखणं दोघांचं सारखंच बरं झालं. दोन दिवसवाले मात्र कामावर लवकर परतले. पुढे १९९५ साली हेलसिंकी महापालिकेच्या १८६ कर्मचाऱ्यांचे तीन गट केले. एक अंथरुणावर, दुसरा व्यायामाला आणि तिसरा झेपेल तितकी रोजची कामं करणारा. सर्वांत चांगला सुधारला तो तिसरा गट.

आता चालणं म्हणजे काय, हे दोन पायांवर बेफिकीर फिरणाऱ्या वाचकांना कसं सांगू? आमच्या रस्त्यावर विजेचे खांब आहेत. पहिल्या दिवशी तिसऱ्या खांबापर्यंत गेलो आणि परत आलो. दुसऱ्या दिवशीही तिसराच. चौथा खांब गाठायला चार दिवस लागले. दुखण्यापेक्षा भीती मोठी होती. रस्त्यातला खड्डा, मागून येणारी सायकल, येऊ घातलेली शिंक, सगळ्यांची भीती! डॉक्टरांचा नियम साधा होता : चालताना थोडं दुखलं तर हरकत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी कालच्यापेक्षा जास्त दुखत असेल तर एक खांब कमी करायचा. असं करत महिन्याभरानं कपिलेश्वराच्या देवळापर्यंत पोहोचलो. देवाला नमस्कार मात्र उभ्यानंच केला. वाकण्याची परवानगी अजून नव्हती.

कॉलेज सुरू झालं ते उभ्यानंच. बाकावर पंधरा मिनिटं बसलं की कंबर तक्रार करी, म्हणून मी वर्गाच्या मागच्या भिंतीला टेकून तास ऐकत असे. एका नव्या प्राध्यापकांना वाटलं, मला कोणीतरी शिक्षा केली आहे. त्यांनी दया येऊन ‘बसा’ म्हटलं आणि सारा वर्ग हसला. मीही हसलो, पण बेतानं.

व्यायाम सुरू झाला तेव्हा खरी कसोटी लागली. शिकवणाऱ्या बाई धारवाडकडच्या. उताणं झोपायचं, गुडघे दुमडायचे, कंबर वीतभर उचलायची आणि त्या मोजतील तोवर धरून ठेवायची. ‘ओंदु, एरडु, मूरु...’ हत्तुपर्यंत आलं की संपलं. तालमीत आम्ही बैठका शेकड्यात मोजणारे! तिथे दहाचा आकडा म्हणजे सुरुवातसुद्धा नव्हे. आणि इथे दहापर्यंत माझ्या मांड्या थरथरत होत्या. ओणवं होऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणायचा, हा दुसरा प्रकार पाहून धाकटा भाऊ पोट धरून हसला. बाई सांगत, कण्याला बिलगून खोल, बारीक स्नायू असतात; दुखणं थांबलं तरी ते आपोआप पूर्वीसारखे होत नाहीत, त्यांना पुन्हा शिकवावं लागतं. मी जोर लावला की म्हणत, ‘सावकाश माडि.’

तीन महिन्यांनीही ठणका पुरता जाईना, तेव्हा घरच्यांच्या आग्रहाखातर एम. आर. आय. काढला. दोन मणक्यांमधली गादी थोडी फुगली आहे, असा अहवाल आला आणि घरावर सुतकी कळा पसरली. आईनं तर माझा लंगोट पेटीच्या तळाशी ठेवून दिला. डॉक्टरांनी पुन्हा एक आकडा सांगितला. १९९४ साली पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांची अशीच तपासणी झाली होती. त्यांतल्या ५२ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्याच निघाल्या. म्हणजे चित्र हे दुखण्याचं कारण असेलच असं नाही. ‘फोटोकडे बघू नका, खांब मोजा,’ एवढंच ते बोलले.

जानेवारीतली आंतरमहाविद्यालयीन निवड माझ्याविना झाली. त्या संध्याकाळी मी फिरायला गेलो नाही. दोन दिवसांनी वस्तादांचा निरोप आला, ‘घरात बसून काय करूलास? ये, पोरांच्या बैठका मोज.’ तेव्हापासून मोजतो आहे. या सुगीत शेतावरही गेलो. बाबा काही बोलले नाहीत, पण माझ्यासाठी म्हणून त्यांनी काही पोती अर्धीच भरली होती. अर्धं पोतं, दुप्पट खेपा. माल तितकाच घरी आला.

आता माझ्या बैठका पन्नासावर गेल्या आहेत. कुस्ती पुन्हा होईल का, हे मला ठाऊक नाही. डॉक्टर नाही म्हणत नाहीत आणि मी विचारण्याची घाई करत नाही. जोर लावणं मला तालमीनं शिकवलं. तो राखून वापरणं हे त्याहून अवघड, ते दहापर्यंत मोजताना शिकलो. अंथरुणाला खिळणं सोपं आहे, ईर्ष्येनं झेप घेणंही सोपं आहे. मधल्या वाटेनं रोज एक खांब पुढे जायला मात्र फार धीर लागतो.

बाईंचा ‘सावकाश’ हा शब्द मला आधी मराठीच वाटला होता. माझी आज्जी मी घराबाहेर पडताना हाच शब्द म्हणते. तो आमचाही आहे आणि त्यांचाही. स-अवकाश, म्हणजे ज्याला पुरेशी जागा आणि वेळ आहे ते. दोन मणक्यांच्या मध्ये असावा तेवढाच, थोडासा. आमच्या या अंकाच्या दोन्ही विभागांत तो तसाच्या तसा छापता येईल. भाषांतर करावं लागणार नाही.