दोन मोटारींच्या मधली वाट

ज्यास कायद्याची मनाई नाहीं तें करण्यास हरकत नाहीं, आणि ज्यास कायद्यानें मोकळीक दिली आहे तें तर खुशाल करावें, अशी एक समजूत सुशिक्षितांतही रूढ होत चालली आहे. वास्तविक मनाई नसणें, मुभा असणें आणि आज्ञा असणें ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आणि आमच्या जुन्या मीमांसकांनीं हा भेद फार बारकाईनें सांगून ठेविला आहे. तो शास्त्रार्थ यज्ञयागांपुरताच, असें पुष्कळांस वाटतें. परंतु परदेशांतील मोटारसायकलींच्या एका प्रश्नांत तो आमच्या घरीं उपयोगी पडला, म्हणून ती हकीकत वाचकांपुढें मांडतों.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत असतो. कचेरींत जाण्यायेण्यास त्यानें मोटारसायकल घेतली आहे. तिकडील हमरस्ते चार-पांच पदरी. तरीही सकाळ-संध्याकाळ मोटारींच्या रांगा मुंगीच्या पावलांनीं सरकत असतात. अशा वेळीं दोन रांगांच्या मधल्या फटींतून तो पुढें निघून जातो. दुचाकी तो पुण्यांत शिकला. तेथें अशा फटीचा कोणी विचारच करीत नाहीं. पण परमुलुखांत तो असें करतो हें ऐकून आमच्या वहिनींची, म्हणजे त्याच्या मातुश्रींची, झोप उडाली. त्यांतून सुटींत मित्रांसह मोटारसायकलीवरूनच शेजारच्या नेवाडा व ॲरिझोना राज्यांत जाण्याचा त्याचा बेत. "काका, इकडे तें कायदेशीर आहे," एवढेंच त्याचें म्हणणें. वहिनी मला म्हणाल्या, "भावोजी, तें खरोखर कायद्यांत बसतें का, आणि बसत असलें तरी मीं निर्धास्त व्हावें का, हें नीट पाहून सांगा." प्रश्न दोन होते, आणि त्यांनीं ते वेगळे ठेविले होते, ही गोष्ट मला फार आवडली.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर असें कीं, तो राहतो तेथें बसतें. कॅलिफोर्नियांत पूर्वीं ह्या प्रकारास मनाई नव्हती व स्पष्ट मुभाही नव्हती. २०१६ सालीं तेथील विधिमंडळानें विधेयक संमत केलें; १ जानेवारी २०१७ पासून वाहन-कायद्यांत ह्या चालीची व्याख्या आली, आणि तीविषयीं सुरक्षिततेच्या सूचना तयार करण्याचा अधिकार हमरस्त्यांवरील पोलिसांस मिळाला. परंतु नेवाड्याची सीमा ओलांडतांच तीच गोष्ट बेकायदा ठरते. ॲरिझोनांत २०२२ पासून मोकळीक आहे; पण मोटारी थांबलेल्या असतील तर, रस्त्याची वेगमर्यादा ताशीं ४५ मैलांहून अधिक नसेल तर, आणि स्वतःचा वेग ताशीं १५ मैलांवर जाऊं न देतां. स्वार तोच, वाहन तेंच, दोन मोटारींमधील फट तेवढीच. सीमेवरील पाटी तेवढी बदलली.

इतर देशांतही असेंच आहे. ऑस्ट्रेलियांतील न्यू साऊथ वेल्स राज्यानें १ जुलै २०१४ पासून ताशीं ३० किलोमीटरपर्यंतच्या वेगानें असें जाण्यास परवानगी दिली; शिकाऊ चालकांस मात्र ती नाहीं, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळीं शाळेच्या टापूंतही नाहीं. फ्रान्सनें फेब्रुवारी २०१६ पासून पांच वर्षें अकरा जिल्ह्यांत प्रयोग करून पाहिला. त्या रस्त्यांवर दुचाकींचे अपघात १२ टक्क्यांनीं वाढल्याचें दिसून आलें, तेव्हां २०२१ च्या आरंभीं तो थांबला. त्याच वर्षीं ऑगस्टांत तो एकवीस जिल्ह्यांत पुन्हां सुरू झाला. आणि शेवटीं जानेवारी २०२५ मध्यें मोठ्या दुभाजित रस्त्यांवर, गर्दीच्या वेळीं, कमाल ५० किलोमीटरची मर्यादा घालून त्यास कायद्यांत जागा मिळाली. जर्मनींत मात्र मोटारींची कोंडी झाली कीं, हमरस्त्यावरील रांगांनीं बाजूस सरून मधली वाट रुग्णवाहिकेसाठीं मोकळी ठेवावी लागते, आणि त्या वाटेंत मोटारसायकल घालणें निषिद्ध आहे.

आतां मीमांसेकडे वळूं. पांच नखें असलेल्या प्राण्यांपैकीं अमुक पांच भक्ष्य होत, असें एक शास्त्रवचन मीमांसक उदाहरणादाखल घेतात. वरवर पाहतां ती खाण्याची परवानगी दिसते. तात्पर्य मात्र इतर प्राणी खाऊं नयेत एवढेंच. ज्यानें त्या पांचांपैकीं एकही जन्मभर खाल्ला नाहीं, त्यानें शास्त्र मोडलें असें होत नाहीं. अशा वचनास परिसंख्या म्हणतात. ॲरिझोनाचा किंवा न्यू साऊथ वेल्सचा कायदा हा असाच आहे. "१५ मैलांच्या आंत जा" ह्याचा अर्थ "जा" असा नव्हे. "त्यापुढें जाऊं नका" असा आहे. रांगेंतच उभा राहणारा स्वार कोणताही कायदा मोडीत नाहीं.

वहिनींच्या दुसऱ्या प्रश्नास कायद्याचें पुस्तक पुरत नाहीं. त्यासाठीं बर्कले येथील विश्वविद्यालयानें २०१५ सालीं प्रसिद्ध केलेली पाहणी उपयोगी पडली. कॅलिफोर्नियांत अपघातांत सांपडलेल्या ५,९६९ मोटारसायकलस्वारांपैकीं ९९७ जण त्या वेळीं मधल्या फटींतून जात होते. त्यांच्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा १.२ होतें, इतरांत ३.०. डोक्याच्या दुखापतीही त्यांना कमी झाल्या, आणि मागून धडक बसण्याचें प्रमाणही कमी आढळलें. येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. ही पाहणी अपघात झालेल्यांची आहे. फटींतून गेल्यानें अपघात टळतो असें ती सांगत नाहीं. ती सांगते तें इतकेंच कीं, रांगेचा वेग ताशीं ५० मैलांच्या आंत आणि स्वाराचा वेग त्याहून १५ मैलांपेक्षां अधिक नाहीं, तोंपर्यंत धोका बेताचा असतो. फरक त्यापलीकडे गेला कीं दुखापती वाढतात.

ह्याचें कारण साध्या गणितांत आहे. ताशीं १५ मैल म्हणजे सेकंदास २२ फूट. मोटारचालकानें आरशांत पाहून चाक वळवीपर्यंत एक सेकंद सहज जातो. तेवढ्यांत स्वार दीड मोटारीइतका जवळ येतो. फरक ३० मैलांचा असेल तर तो ४४ फूट, म्हणजे सुमारें तीन मोटारींइतका जवळ येतो, आणि आरशांत जो दिसलाच नव्हता तो दाराशीं येऊन ठेपतो.

पुढें दोष कोणाचा हेंही मुभेवरून ठरत नाहीं. इंग्लंडांत ह्या चालीस मनाई नाहीं. तेथील हायवे कोड संथ रहदारींतून असें जातांना काळजी घ्या व वेग कमी ठेवा, एवढेंच सांगतो. तरीही १९६६ च्या पॉवेल विरुद्ध मूडी ह्या खटल्यांत रांगेच्या पुढें जाणाऱ्या स्वाराकडे ८० टक्के दोष आला. उलट २००६ च्या डेव्हिस विरुद्ध श्रोगिन ह्या खटल्यांत रांगेंतून एकाएकीं मागें वळणाऱ्या मोटारचालकाकडे तो संपूर्ण गेला. कोण कितपत सावध होता, हेंच न्यायाधीशांनीं दोन्हीं वेळां पाहिलें.

आमच्या दादांचें मत मोटारसायकल विकून टाकण्यास सांगावें असें होतें. तिशी उलटलेल्या, आपल्या कष्टाचें खाणाऱ्या मुलास अशी आज्ञा करूं नये, असें मीं म्हटलें, आणि वरील सर्व मजकूर त्यास सविस्तर लिहून पाठविला. त्याचें उत्तर आलें. सीमेपलीकडे तो रांग सोडणार नाहीं. घरच्या रस्त्यावर १५ मैलांचा फरक पाळील. आणि पावसांत व रात्रीं फटींत शिरणारच नाहीं. शेवटची गोष्ट कोणत्याही कायद्यानें त्यास सांगितली नव्हती. वहिनी निर्धास्त झाल्या असें मी म्हणत नाहीं. आईनें तितकें निर्धास्त होऊंही नये. पण आतां त्या त्याला "कायद्यांत बसतें का" असें विचारीत नाहींत, "आज रांग किती वेगानें चालली होती, आणि तूं किती?" असें विचारतात. ज्यांचीं मुलें परदेशांत दुचाकीवर फिरत असतील त्यांनींही हाच प्रश्न विचारावा, अशी माझी सूचना आहे.