पडदा काळा कां राहिला?

२०२५ सालच्या खंडेनवमीस आम्हीं घरांतील यच्चयावत् हत्यारें व यंत्रें पुसून पाटावर मांडलीं. विळी, अडकित्ता, सूनबाईंचें शिवणयंत्र, आणि थोरल्या नातवाच्या संगणकाची पेटी. ही पेटी एरवीं टेबलाखालीं भिंतीस टेकलेली असते, व तिच्या पाठीवर धूळ इतकी कीं पूजेस मन होईना. म्हणून आम्हीं साऱ्या तारा उपटल्या, पेटी झटकली, हळदकुंकू वाहिलें आणि सायंकाळीं ती जागेवर सरकवून तारा पूर्ववत् लावून दिल्या. निदान आमची समजूत तशी होती.

दसऱ्याच्या सकाळीं नातवानें कळ दाबली. आंतले पंखे फिरूं लागले, दिवाही लागला. पण मॉनिटरवर 'नो सिग्नल' एवढीं अक्षरें क्षणभर येऊन पडदा काळा झाला. नातू वास्तुशास्त्राचा विद्यार्थी. शनिवारीं कॉलेजांत त्याला घराचे आराखडे दाखवावयाचे होते व ते सारे त्या पेटींत. दोन महिन्यांपूर्वीं शिकवण्यांच्या पैशांतून त्यानें एक जुनें ग्राफिक्स कार्ड घेऊन तींत बसविलें होतें. आम्हांस तें तेव्हांही पसंत नव्हतें. दुपारच्या पंक्तींत आम्ही सर्वांदेखत बोललों, "जुना माल घेतोस, मग दुसरें काय होणार? पैसे गेले, आतां वर्षही जाईल." श्रीखंडाची वाटी तशीच टाकून तो उठला.

वस्तुतः पस्तीस वर्षें संस्कृत शिकविलेल्या माणसास हेत्वाभास ओळखतां यावयास हवा होता. पडदा काळा, यास्तव कार्ड जळालें, हें अनुमान सव्यभिचार होय. कारण तेवढ्यास मॉनिटर, त्याची तार, कार्डाची बैठक, त्याचा वीजपुरवठा, रॅमची पट्टी, यांपैकीं कोणाचाही एकट्याचा दोष पुरतो. पण पंक्तींत बोलतांना शास्त्र कोणास आठवतें!

रात्रीं नातवानें मॉनिटर दुसऱ्या तारेनें आत्याच्या लॅपटॉपला जोडून पाहिला. तो निर्दोष निघाला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दोघांनीं पेटी उजेडांत ओढली. "आजोबा, तेवढ्या तारा काढून ठेवा," असें म्हणून तो पेचकस आणावयास आंत गेला. आम्हीं पेटीची पाठ पाहिली आणि छातींत धस्स झालें.

चित्राची तार खोंचण्याच्या जागा तेथें दोन ठिकाणीं असतात. वर उभ्या रांगेंत मदरबोर्डाच्या, खालीं आडव्या रांगेंत कार्डाच्या. दोहोंचीं तोंडें हुबेहूब सारखीं. कित्येक प्रोसेसरांत चित्र उमटविण्याचा भागच नसतो. इंटेलच्या ज्या प्रोसेसरांच्या नांवाशेवटीं 'एफ' हें एकच अक्षर येतें ते या जातीचे, व नातवाचा त्यांतलाच. अशा पेटींत वरच्या जागा म्हणजे नुसतीं भोंकें. कार्ड बसवितांना त्यानें आम्हांस हें समजावून सांगितलेंही होतें. आमची तार वरच्या जागीं होती.

आम्हीं ती काढली. बाकीच्याही काढल्या, आणि गप्प राहिलों.

मग तो आला. पेटीच्या धातूस हात लावून त्यानें अंगांतली स्थिर वीज घालविली, कार्ड उपसलें, त्याची सोनेरी कड शाळेंतल्या खोडरबरानें हलकेंच घासली व तें खांचेंत खटका बसेपर्यंत दाबलें. खांचेंतून कार्डास ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. ज्यास अधिक लागते त्यास निराळी तार द्यावी लागते, आणि आठ पिनांची असेल तर ती आणखी १५० वॅट पुरविते. म्हणून पंखा फिरतो एवढ्यावरून वीज पुरेशी आहे असें समजूं नये, असें तो सांगत होता. आम्ही बॅटरी धरून ऐकत होतों. शेवटीं त्यानें स्वतः सर्व तारा जेथल्या तेथें लावल्या, कळ दाबली, आणि पडद्यावर चित्र आलें.

"कार्डच सैल झालें असावें," तो म्हणाला. "तुमचें खरें होतें, आजोबा. जुनी वस्तु घ्यावयास नको होती."

आम्हीं रागावून ऐकविलेलें तो आतां आपण होऊन कबूल करीत होता, आणि तेंही आमच्या अपराधाबद्दल! कार्डाची बैठक व तारेची जागा एकाच वेळीं बदललीं, म्हणून फळ भलत्याच कारणाच्या पदरीं पडलें. बाकी सर्व तसेंच ठेवून एकच गोष्ट बदलावी, म्हणजे अन्वय-व्यतिरेक सिद्ध होतो. हें त्यास सांगावयाचें तर तार कोणी लावली तेंही सांगणें आलें.

दुपारीं, ज्या पंक्तींत बोललों होतों त्याच पंक्तींत, आम्हीं सांगून टाकलें. सूनबाईंनीं हंसूं आवरलें. नातवास मात्र खरें वाटेना. "मला बरें वाटावें म्हणून म्हणतां तुम्ही," तो म्हणाला. तेव्हां हात धुऊन सारे घर त्याच्या खोलींत जमलें. तार वरच्या जागीं लावली: पडदा काळा. खालीं लावली: चित्र. पुन्हां वर: काळा.

तो कांहीं वेळ तारेकडे पाहत राहिला. "म्हणजे मीं कार्ड उगीच घासलें," एवढेंच म्हणाला, आणि कालची श्रीखंडाची वाटी उरली आहे काय, असें आईस विचारूं लागला.

आराखडे शनिवारीं वेळेवर गेले. खंडेनवमीची फुलें व अक्षता पुढेंही आमच्याकडेच राहतील. तारांस हात लावण्याचा अधिकार तेवढा सर्वानुमतें काढून घेण्यांत आला आहे.