पोफळीपासून दाभोळपर्यंत

आमच्या खाला दाभोळला राहतात. दर वर्षी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याकडे जायचं ठरतं आणि दर वर्षी काही ना काही काम निघतं. या वेळी त्यांचाच फोन आला. "लवकर या. पोराचं काय ते ठरवायचंय. त्याचा बाप रजेवर आलाय, पुढच्या जुम्म्याला परत जाणार." पोरगा म्हणजे खालांचा नातू. बारावी होऊन सहा महिने घरी बसलेला. बाप सतरा वर्षं अबुधाबीत, एसी दुरुस्तीच्या कामावर. मुलासाठीही तिथे सोय होईल असं कोणीतरी म्हटलेलं. मुलाचं मन मात्र इथेच इलेक्ट्रिशियनचा आयटीआय करावा, असं. आम्ही पडलो शिक्षक, त्यामुळे असे निवाडे नातेवाइकांत आमच्याकडेच येतात.

फजर पढून आम्ही कराडहून निघालो. पाटणच्या आसपास मुलांना डोंगराच्या माथ्याकडे बघायला सांगितलं. या भागात वनकुसवडेच्या पठारावर पवनचक्क्यांची मोठी वसाहत आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा वाऱ्याइतकाच जोर आयकराच्या सवलतीचाही होता. पवनचक्कीत पैसा घातला की तिचा घसारा भराभर दाखवता येई आणि नफ्यावरचा कर वाचे. त्यामुळे ज्यांचा विजेशी फारसा संबंध नाही अशा उद्योगांनीही चक्क्या घेतल्या. पाती वाऱ्याने फिरतात, पण ती कुठे आणि किती उभी राहायची हे सरकारी धोरणाने ठरतं, हा धडा मुलांना इथेच देता आला.

कोयनानगर मागे टाकून कुंभार्ली घाट उतरला की पोफळी येते. इथे डोंगराच्या पोटात वीजघर आहे. कोयनेचं पाणी खरं तर पूर्वेला कृष्णेत जायचं. ते शिवसागरात अडवून बोगद्यांतून पश्चिमेला सोडलं, त्या उताराचा फायदा घेऊन १९६२ पासून वीज निघू लागली, आणि टप्प्याटप्प्याने प्रकल्प १,९६० मेगावॅटवर गेला. कोळसा नाही, तेल नाही, धूर नाही. मुलं खूश झाली. पण त्यांना हेही सांगावं लागलं, की या धरणात ज्यांची गावं गेली त्यांच्या पुनर्वसनाची भांडणं साठ वर्षांनंतरही पुरती मिटलेली नाहीत. वीज स्वच्छ असली म्हणून तिच्यामागचा व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाही.

वीजघरातून बाहेर पडलेलं हे पाणी वाशिष्ठीला मिळतं, चिपळूणवरून जातं आणि दाभोळच्या खाडीत समुद्राला भेटतं. म्हणजे आम्ही दिवसभर त्या पाण्याच्या सोबतीनेच चाललो होतो.

धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवली. खाडीच्या दक्षिणेला अंजनवेलचं पठार. तिथेच तो प्रकल्प, ज्याला लोक अजून 'एन्रॉन' म्हणतात. एन्रॉन नावाची कंपनी बुडून वीस वर्षांहून जास्त काळ लोटला, कागदावर आता रत्नागिरी गॅस अँड पॉवर आहे, पण लोकांच्या तोंडून जुनं नाव गेलेलं नाही. त्याची क्षमता १,९६७ मेगावॅट, जवळजवळ कोयनेइतकीच. एकाच नदीच्या दोन टोकांना दोन जवळपास सारखे प्रकल्प. एक साठ वर्षं वीज देतोय. दुसऱ्याचं आयुष्य बंद-चालू, बंद-चालू यातच गेलं.

असं का झालं, हे पोरगा आम्हाला बोटीवरच विचारू लागला. तो आम्हाला घ्यायला या काठावर आला होता. "चाचा, एवढं मोठं कारखान्यासारखं बांधलं आणि चालत का नाही?"

आम्ही त्याला सांगितलं ते असं. १९९२ मध्ये बोलणी झाली, १९९३ च्या डिसेंबरात राज्य वीज मंडळाशी करार झाला. जागतिक बँकेने त्याआधीच या प्रकल्पाला पैसा द्यायला नकार दिला होता. एवढी महाग वीज परवडणार नाही, असं तिचं म्हणणं होतं. १९९५ मध्ये राज्यात सरकार बदललं, नव्या सरकारने करार रद्द केला, आणि काही महिन्यांत त्याच सरकारने पुन्हा बोलणी करून तो मोठा करून घेतला. केंद्राने हमी दिली. या काळात सत्तेत असलेल्या जवळजवळ प्रत्येक पक्षाचा हात त्या कागदावर कुठे ना कुठे लागलेला आहे. वेलदूरच्या कोळणींसह गावकऱ्यांनी विरोध केला, १९९७ मध्ये पोलिसांचा मार खाल्ला. १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. नाफ्था महागला, रुपया घसरला आणि दर डॉलरशी बांधलेले. त्यातून वीज घ्या अगर न घ्या, ठरलेली रक्कम द्यायचीच. २००१ च्या मे महिन्यात मंडळाने वीज घेणं थांबवलं. त्याच डिसेंबरात एन्रॉनने दिवाळखोरी जाहीर केली.

पुढे २००५ मध्ये एनटीपीसी आणि गेल या सरकारी कंपन्यांनी नवी कंपनी काढली, पुढच्या वर्षी चाकं फिरली. मग देशातला वायू अपुरा पडला, पुन्हा शांतता. २०१५ च्या अखेरीस काही वीज रेल्वेला जाऊ लागली. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि जगभर वायूचे भाव भडकले. लढाई कुठली, आणि झळ कुठे!

"म्हणजे यंत्रात खोट नव्हती," पोरगा म्हणाला.

नव्हती. खोट होती ती जळणाच्या हिशेबात, आणि तोटा कोणी सोसायचा या अटीत.

खालांच्या घरी पोचलो तेव्हा जोहर होऊन गेली होती. जेवणात सुरमईचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी. असरला आम्ही बंदराजवळच्या जुन्या मशिदीत गेलो. सतराव्या शतकातली, विजापुरी वळणाची. मोठा घुमट, कोपऱ्यांवर मिनार. कधी काळी या बंदरातून हाजी मक्केकडे निघत, अरबस्तानातून घोडे येत. १५०८ मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळलं. मशिदीच्या पायरीवर बसून खालांचा थोरला म्हणाला, "आपली माणसं पहिल्यापासूनच दर्यापलीकडे कमावणारी." ते खरंच आहे. दुसऱ्या टप्प्यासाठी याच किनाऱ्यावर ओमान आणि अबुधाबीहून वायू आणण्याचे करार झाले होते. तिकडून वायू यायचा, इकडून माणसं जायची. कोकणातल्या कितीतरी घरांच्या भिंती, मुलींची लग्नं, मदरशांची छपरं, सगळं त्या तेलाच्या पैशावर उभं आहे. आपण खनिज तेलाला नावं ठेवताना हे विसरू नये.

म्हणून त्यालाच विचारलं, तिकडे काय दिसतं?

"सूर्य दिसतो," तो हसला. अबुधाबीजवळ स्वैहानला १,१७७ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१९ मध्ये सुरू झाला. पुढे धफ्राला त्याहून मोठा झाला. "तेलवाले लोक घरी सूर्य वापरतात आणि तेल बाहेर विकतात. हुशार आहेत." मग थोडा गंभीर झाला. "पण भाई, पॅनेलं बसवताना हजारो माणसं लागतात. बसवून झालं की मोजकीच. पुसायलासुद्धा यंत्रं. तेलाच्या धंद्यात जेवढी माणसं खपतात तेवढी यात खपत नाहीत. माझी नोकरी निघेल. त्याची वीस वर्षं निघतील का, हे मला सांगता येत नाही."

२०२३ मध्ये दुबईतच भरलेल्या जागतिक हवामान परिषदेत खनिज इंधनांपासून दूर जाण्याचा ठराव झाला. तेलाच्या देशात! आपल्याकडेही २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-खनिज क्षमतेचं उद्दिष्ट आहे. तरी आजही देशात तयार होणाऱ्या विजेत दोन तृतीयांशाहून जास्त कोळशाचीच. म्हणजे बदल होणार, पण एका रात्रीत नाही. आणि मधली वीस-पंचवीस वर्षं हीच या पोराच्या कमाईची वर्षं.

मगरिबनंतर विषय घराच्या छपराकडे वळला. निसर्ग चक्रीवादळात, २०२० च्या जूनमध्ये, या पट्ट्यातले खांब आडवे झाले आणि दिवसेंदिवस अंधार होता. खाला म्हणाल्या, "समोर एवढं मोठं विजेचं कारखानं, आणि आम्ही कंदील लावून बसलो." म्हणून त्यांना छपरावर सोलर हवा होता.

इथे आम्हाला त्यांचा एक गैरसमज दूर करावा लागला. बिलात वजावट मिळते तो साधा सोलर वीज कंपनीच्या तारांना जोडलेला असतो. लाईट गेली की तोही बंद होतो, नाहीतर तारेवर काम करणाऱ्याला शॉक बसेल. अंधारात दिवा हवा तर बॅटरी लागते, आणि तिचा खर्च वेगळा. खारी हवा आहे, तर सांगाडा चांगला जस्त चढवलेला हवा. वादळाचा भाग आहे, तर तो स्लॅबला पक्का बांधलेला हवा. आणि पावसाळ्यात युनिटं निम्म्यावर येतील, हे धरूनच चालायचं.

मग पोराने वहीत हिशेब मांडला. तीन किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट मोकळी जागा आणि दीड-दोन लाख रुपये. २०२४ च्या सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान, पण ते पॅनेल बसल्यानंतर खात्यात येतं. आधी पैसा उभा करायचा तो आपणच. बँक कर्ज देते, पण व्याजाने. खालांनी लगेच मान हलवली. "सूद नको."

सौर विजेची मेख हीच. कोळशाला, वायूला रोज पैसा लागतो. सूर्याला जळण लागत नाही, पण पंचवीस वर्षांच्या विजेचा जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी मोजावा लागतो. म्हणून ज्याच्याजवळ रोकड आहे किंवा ज्याला स्वस्त कर्ज मिळतं, त्याच्याकडे सूर्य आधी उगवतो. २०१७ मध्ये भडल्याच्या लिलावात सौर विजेचा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत उतरला, तो मोठ्या कंपन्यांसाठी. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला छप्परच नाही, त्याचं काय? सूद टाळणारी घरं मागे राहू नयेत, तर आपल्या बैतुलमालांनी आणि जमातींनी कर्जे-हसनामध्ये लग्न-आजारपणासोबत छपराचाही विचार करायला हवा. दर महिन्याला बिलात वाचणाऱ्या पैशातून हे कर्ज फिटू शकतं. असं फिटणारं कर्ज देणं सोपं.

आणि रात्रीचं काय? पोराने हा प्रश्न आपणहून विचारला. त्याचं उत्तर सकाळी पोफळीला दिसलं होतं. संध्याकाळी मागणी वाढते तेव्हा कोयनेची यंत्रं जोरात फिरवता येतात. घाटघरला २५० मेगावॅटच्या प्रकल्पात तर पाणी पुन्हा वर चढवून ठेवतात आणि हवं तेव्हा खाली सोडतात. असे आणखी प्रकल्प सह्याद्रीत येऊ घातले आहेत. तेव्हा त्या गावांना कोयनेसारखं वागवलं जाऊ नये, हे बघायला कोणीतरी हवं.

निवाडा आम्ही दिलाच नाही. रात्री इशानंतर बाप-लेक अंगणात बराच वेळ बोलत बसले होते. सकाळी नाश्त्याला थोरल्याने सांगितलं: दोन वर्षं आयटीआय, फी तो पाठवेल. त्यानंतर जायचं की राहायचं ते पोराने ठरवायचं, पण हातात कसब घेऊनच. छपरावर तीनऐवजी दोन किलोवॅट, निम्मे पैसे त्याचे, निम्मे आम्ही आणि मामू मिळून कर्जे-हसना. खालांनी फक्त एकच अट घातली. पॅनेलं त्यांच्या आमसुलं वाळवायच्या जागेवर नकोत.

परतताना पोरगा धक्क्यापर्यंत आला. फेरीबोट सुटली. वीज करून झालेलं कोयनेचं पाणी भरतीच्या पाण्यात मिसळत होतं, आणि अंजनवेलच्या पठारावर ऊन पडलं होतं.