बनी तो बनी, नहीं तो मानवत

मानवत हे काही कुणी मुद्दाम पाहायला जावे असे गाव नव्हे. तिथे लेणी नाहीत, किल्ला नाही आणि थंड हवा तर नाहीच नाही. परभणीहून पाथरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर तासाभरात हे गाव लागते. साईबाबांचा जन्म पाथरीचा, अशी पुष्कळांची श्रद्धा आहे. त्या ओढीने निघालेले भाविक मानवत आले की खिडकीतून कापसाचे ढीग पाहतात आणि पुन्हा डुलकी घेतात. असे हे माझे गाव. माझे म्हणजे वाडवडिलांचे. मी पुण्याच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि वर्षा-दोन वर्षांनी घरपट्टी भरायच्या निमित्ताने तिकडे डोकावून येतो. म्हणूनच, अमेरिकेतला माझा थोरला चुलतभाऊ गेल्या वर्षी फोनवर जेव्हा म्हणाला, "डिसेंबरात मानवतला येतोय, दात बसवायला," तेव्हा मला वाटले, आपल्या कानातच काही बिघाड झाला असावा.

दादा आज सदुसष्ट वर्षांचा आहे. १९८४ साली तो मानवत रोड स्टेशनावरून निघाला, तेव्हा त्या मार्गावर मीटरगेजची छोटी गाडी होती. मनमाडला उतरून मुंबईची मोठी गाडी धरावी लागे. त्या वेळी त्याचे बत्तीसही दात शाबूत होते आणि खिसा रिकामा होता. पुढे न्यू जर्सीत घर झाले, मुले झाली, डॉलर साठले आणि खालच्या तीन दाढा गेल्या. दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत, ही आपली जुनी म्हण सातासमुद्रापलीकडेही खरी ठरते, याची मला मौज वाटली.

तिकडच्या दंतवैद्याने तीन दातांना मिळून बारा हजार डॉलर सांगितले. तिकडे म्हाताऱ्यांसाठी सरकारी मेडिकेअर योजना आहे. पण ती हृदयाची काळजी वाहते, गुडघ्याची वाहते, नेहमीच्या दातांच्या कामाकडे मात्र पाहत नाही. परभणीच्या डॉक्टरांनी त्याच कामाचे सुमारे एक लाख रुपये सांगितले. दोघांचे विमानाचे जाणे-येणे धरूनही पैसे उरत होते. दातांसाठी सीमा ओलांडणारा दादा काही पहिला नव्हे. ऑस्ट्रियाची माणसे हंगेरीतल्या शोप्रॉन गावी जातात. कॅलिफोर्निया-ॲरिझोनाच्या सीमेला लागून मेक्सिकोचे लॉस अल्गोदोनेस नावाचे चिमुकले गाव आहे. तिथे इतके दंतवैद्य आहेत की लोक त्याला 'दाढांचे गाव' म्हणूनच ओळखतात.

पण दात हे निमित्त होते, हे मला मागाहून कळले. दादाच्या मनात कायमचे परत यायचे होते. "परदेशात राहायला जाण्याआधी माणसाने एकदा पाहून यावं," तो मिस्किलपणे म्हणाला. थट्टेत म्हणाला, पण ते खरेच होते. आपली राज्यघटना दोन देशांचे नागरिकत्व देत नाही. दादाने अमेरिकेचे घेतले आणि भारताचे सुटले. २००५ साली निघालेल्या ओसीआय योजनेचे कार्ड त्याच्याकडे आहे. त्यावर त्याला इथे व्हिसावाचून हवे तितके दिवस राहता येते, घरही घेता येते. मत मात्र देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. म्हणजे मानवत हा कागदोपत्री दादाचा परदेश!

आमच्या घराला याचे फारसे नवल नव्हते. आजोबा सांगत की, निजामाच्या राज्यात असताना मनमाडला उतरले की खिशातला हाली रुपया चालत नसे, कलदार घ्यावा लागे. टपालाची तिकिटेसुद्धा वेगळी. १९४८ च्या सप्टेंबरात निजामाची सत्ता संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला. परदेश आधी मनमाडला होता, मग तो न्यू जर्सीला गेला आणि आता फिरून मानवतच्या वेशीत येऊन बसला.

मुंबईहून मी त्यांच्याबरोबर देवगिरी एक्सप्रेसने निघालो. सकाळी परभणीला उतरलो तर बोचरी थंडी. चहाच्या गाड्यावर शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थाने दादाच्या अवाढव्य बॅगा न्याहाळल्या आणि चौकशी केली. दादाने हकिकत सांगताच तो हसून म्हणाला, "बरं केलंव. बनी तो बनी, नहीं तो परभणी!" जमले तर जमले, नाही तर परभणी आहेच, अशी ही आमच्याकडची म्हण. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्या गिरगावच्या. लग्नानंतर आठ महिने मानवतच्या वाड्यात राहिल्या आणि मग दादापाठोपाठ अमेरिकेला गेल्या.

परभणी सोडली की दोन्ही बाजूंना काळी जमीन पसरते. पावसाळ्यात ही माती पायाला धरली की चप्पल सोडून पुढे जावे लागते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. डिसेंबरात मात्र तिच्यासारखी देखणी तीच. ज्वारी निसवलेली, तूर पिवळी, मधूनच उसाचे हिरवे फड. जायकवाडीच्या धरणाचे १९७६ साली उद्घाटन झाले. त्याच्या डाव्या कालव्याचे पाणी या भागात आले आणि उसाची गोडी लागली. पण मानवतची खरी ओळख कापूस. मोंढ्याच्या बाहेर कापसाने फुगलेल्या टेम्पोंची आणि ट्रॅक्टरांची रांग लागली होती. रस्त्याकडेच्या बाभळींना कापसाची पिंजर अडकली होती. दादाने गाडी थांबवून एक बोंड हातात घेतले, त्यातली सरकी चाचपली आणि उगीचच खिशात टाकले.

या गावाची आणखी एक ओळख आहे. १९७२ ते १९७४ या काळात इथे बायका-मुलींच्या हत्या झाल्या. गुप्तधनासाठी दिलेले हे नरबळी, असे म्हणत त्यांची चर्चा देशभर झाली. दादा तेव्हा शाळेत होता. संध्याकाळी घराबाहेर पडायची बंदी असे. पुढे कितीतरी वर्षे तो गाव विचारणाऱ्याला "परभणीजवळ" एवढेच सांगे. "आपल्या गावाचं नाव मी तोंडानं घेत नव्हतो, आणि आता त्याच तोंडासाठी इथं आलो," असे तो वाड्याच्या ढाळजेत बसल्या बसल्या म्हणाला.

आमचा वाडा दगडी, वर माळवद. निम्मा पडला आहे, निम्मा उभा आहे. शेजारच्या काकूंनी झाडून-सारवून ठेवला होता. "कवा आलाव?" "जेवलाव का?" या दोन प्रश्नांवर पहिला दिवस संपला. दुसऱ्या दिवशी दादाने एक वही काढली. पाणी किती दिवसांनी येते, वीज किती वेळ जाते, हृदयाचा डॉक्टर किती लांब, भोंगे किती वाजेपर्यंत, अशी त्यात यादी होती. समोर खुणा करायला चौकटी. शिक्षक असल्याने मला ती तपासायच्या उत्तरपत्रिकेसारखी वाटली. गाव बिचारे परीक्षेला बसले होते आणि त्याला ते ठाऊकही नव्हते.

परभणीची दंतवैद्य तिशीतली बाई. परभणीत दंतवैद्यकाचे महाविद्यालय आहे. तिथे शिकून ती पुढच्या शिक्षणाला पुण्याला गेली होती आणि परत आली होती. भारतातले पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी काढले. तेही अमेरिकेत शिकून, तिथे काम करून परत आलेले, आणि महाविद्यालयाच्या खर्चासाठी त्यांनी सोडा-आइस्क्रीमचे दुकान चालवले होते. परतलेल्या माणसाने काय करावे, याचा एवढा नामी दाखला मला दुसरा ठाऊक नाही. ही हकिकत मी डॉक्टरीणबाईंना सांगितली. त्या हसून म्हणाल्या, "सर, माझं आइस्क्रीमचं दुकान नाही, पण वडिलांचं किराणा दुकान आहे."

मग त्यांनी दादाला काम समजावून दिले. जबड्याच्या हाडात टायटॅनियम धातूचा एक बारीक स्क्रू बसवायचा. तो नव्या दाताचे मूळ. १९५२ साली ब्रोनेमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाला सशाच्या हाडात बसवलेले टायटॅनियमचे उपकरण काही केल्या बाहेर काढता येईना. हाडाने ते आपलेच मानले होते. १९६५ साली त्याने पहिल्यांदा माणसाला असे दात बसवले. "पण काका," त्या म्हणाल्या, "हाड घाई करत नाही. तीन-एक महिने त्याला वेळ द्यायचा. तोवर त्या जागेवर भार टाकायचा नाही. लोक परदेशातून दहा दिवसांसाठी येतात आणि अकराव्या दिवशी विमानात बसतात. आम्हाला त्यांचीच भीती वाटते."

आपल्यापैकी कुणाकडे असे पाहुणे येणार असतील तर त्यांनी हे ध्यानात धरावे. दोन खेपांची तयारी हवी, नाही तर मुक्काम लांब हवा. कोणत्या कंपनीचा, कोणत्या मापाचा स्क्रू बसवला ते लिहून घ्यावे, एक्स-रे जपून ठेवावेत. पुढे दुखले-खुपले तर तिकडच्या दंतवैद्याला तेच कामी येतात. स्वस्ताईचा हिशोब करताना परत यावे लागले तर काय, हा आकडा वहीत लिहायचा बहुतेकांकडून राहून जातो.

तीन स्क्रू बसले आणि दादाचे तीन महिने मानवतला राहायचे ठरले. मी पुण्याला परतलो. जानेवारीत पुन्हा गेलो तो हुरड्याला. शेताच्या बांधावर गोवऱ्यांच्या आरात कणसे भाजली, हातावर चोळली, गरम हिरवे दाणे शेंगदाण्याच्या चटणीबरोबर खाल्ले. दादा नुसता पाहत होता. चाळीस वर्षे ज्याची आठवण काढली ते समोर होते आणि चावायला परवानगी नव्हती. काकूंनी हुरडा वाटून त्याची मऊ थालीपिठे करून आणली होती. तो ती मुकाट्याने खात होता. मला एकाएकी त्याचे वय दिसले.

फेब्रुवारीत फोन आला. तीनपैकी एक स्क्रू रुजला नव्हता, काढावा लागला. "हाडानं घेतला नाही," दादा म्हणाला. आवाज असा, की मला कळेना तो दाताबद्दलच बोलतो आहे की कसे. मी शनिवारी गाडी धरली. वही ढाळजेत पडली होती, चौकटींतल्या खुणा थांबल्या होत्या. त्याच्या बरोबरीचे मित्र काही गेले होते, काही मुलांकडे पुण्या-संभाजीनगरला राहायला गेले होते. चौकात नवी पोरे त्याला वाकून नमस्कार करीत, पण त्याचे नाव त्यांना ठाऊक नसे. रात्री तीनदा वीज गेली. अंधारात आम्ही तिघे बसलो होतो. दादा म्हणाला, "मला वाटलं होतं, आपलंच गाव आहे, आलं की झालं."

तेव्हा वहिनी बोलल्या. इतके दिवस त्या दळण, पाणी, औषधे पाहत होत्या, मताचे काही बोलल्या नव्हत्या. "तुमचं हे माहेर आहे हो, माझं सासर आहे. माहेर कुणी पाहून ठरवत नाही. सासर ठरवावं लागतं. मागच्या वेळी मला कुणी पाहू दिलं नव्हतं. या वेळी मी नीट पाहतेय." थोड्या वेळाने म्हणाल्या, "आणि नातवंडं तिकडं आहेत. ती कुठल्या चौकटीत लिहिलीत तुम्ही?"

दादा काहीच बोलला नाही. त्या प्रश्नाला उत्तर नव्हतेच. अशा अंधारात दुसऱ्याच्या घरातली गोष्ट ऐकताना पाहुण्याने काय करावे, हे मला कळेना. मी उठून माळवदावर गेलो. खाली गाव निजले होते. कुठेतरी जिनिंगचा आवाज चालू होता. मला डॉक्टरीणबाईंचे बोलणे आठवले. दादाने आल्या दिवसापासून या गावावर चाळीस वर्षांच्या आठवणींचा सगळा भार एकदम टाकला होता. एवढा भार कुठले हाड सोसेल? आणि वहिनींवर त्याने तो विचारल्याशिवाय टाकला होता.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दोन दात बसले. तिसऱ्याची जागा भरायला वेळ लागेल, असे डॉक्टरांनी सांगितले. जाण्याच्या आदल्या दिवशी काकूंनी पुरणाचा बेत केला होता. दादाने मुद्दाम कडक भाकरीचा एक तुकडा मागून घेतला आणि नव्या दाढेखाली चावून दाखवला. पोरे हसली. वहिनीही हसल्या. मग त्या मला म्हणाल्या, "न्हाणीघर तेवढं दुरुस्त करून ठेवा. गुडघे वाकत नाहीत आता."

त्या वाक्याचा अर्थ मी फार लावला नाही. तिकडचे घर त्यांनी विकलेले नाही, इकडचा वाडाही विकायचा नाही असे ठरले आहे. या डिसेंबरात पुन्हा यायचे, तिसरा दात बसवायचा, नातवंडांची सुटी लागेल तेव्हा परत जायचे, असा बेत आहे. तिकिटे दोन्ही बाजूंची काढली आहेत आणि ती वहिनींनी काढली आहेत. दादाने फोनवर सांगितले की, या खेपेला वही आणणार नाही.

न्हाणीघराचे काम पुरे झाले. परवा काकूंचा फोन आला तेव्हा ज्वारी कशी आहे, ते मी विचारून घेतले. चांगली आहे म्हणाल्या.