समुद्राकाठचा रस्ता

जानेवारी २००४ मध्ये आम्ही पाच मित्र सायकलींवरून तामिळनाडूचा किनारा पाहायला निघालो. पुदुच्चेरीहून सुरुवात केली. कडलूर, चिदंबरम ही गावे मागे पडली. दोन्ही बाजूंना पिकलेली भाताची शेते होती, नारळीची बने होती. तरंगंबाडीला १६२० साली डॅनिश लोकांनी बांधलेला किल्ला पाहिला. जवळच वाळूत कोळी जाळी दुरुस्त करत होते. त्यांची भाषा आम्हांला येत नव्हती. तरी एका म्हाताऱ्या कोळ्याने आमच्या रिकाम्या बाटल्या पाहिल्या आणि घरी नेऊन पाणी दिले. त्याचे घर लाटांपासून हाकेच्या अंतरावर होते. तेथून निघाल्यावर वाटेत नागोरच्या दर्ग्याचे उंच मिनार दिसले. अडीच तासांत आम्ही नागपट्टणमला पोहोचलो.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला सकाळी साडेसहाच्या सुमारास सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. त्यातून उठलेल्या त्सुनामीच्या लाटा सुमारे अडीच तासांनी याच किनाऱ्यावर आदळल्या. एकट्या नागपट्टणम जिल्ह्यात ६,००० हून अधिक माणसे मरण पावली.

अडीच तास! किनाऱ्यावरच्या माणसांना फक्त एक-दोन किलोमीटर आत जायचे होते. पायी अर्धा तास पुरला असता. पण त्यांना सांगणारे कोणी नव्हते.

२००७ साली हैदराबादला त्सुनामीची पूर्वसूचना देणारे केंद्र सुरू झाले. आता समुद्राखाली मोठा भूकंप झाला, की काही मिनिटांत तेथून इशारा निघतो. तो किनाऱ्यावरच्या शेवटच्या झोपडीपर्यंत पोहोचला पाहिजे. परक्या वाटसरूंची तहान ओळखणारी माणसे तेथे राहतात.