चौकड्यांची पिशवी

अक्रा शहरात माझा मुक्काम आठ दिवसांचा होता. त्यांपैकी सात दिवसांविषयी लिहिण्यासारखे फारसे काही नाही. चित्रशाळांच्या शुभ्र, थंडगार दालनांत माझे मन रमत नाही, आणि भिंतीवरील फलक वाचल्यावाचून जिचा अर्थ लागत नाही अशा कलेशी माझे कधी जमलेही नाही. म्हणूनच, सर्ज अट्टुक्वेई क्लॉटी या घानातील कलावंताने आपल्या वस्तीतल्या गल्ल्याच पिवळ्या प्लॅस्टिकने आच्छादल्या आहेत असे कानी आले, तेव्हा आठव्या दिवशी मी लाबादीची वाट धरली.

लाबादी ही समुद्रालगतची गा लोकांची जुनी वस्ती; क्लॉटीचे पूर्वजही अक्रातल्याच जेम्सटाउनहून येऊन येथे स्थायिक झालेले. परदेशातून खाद्यतेल घेऊन येणारे पिवळे डबे रिकामे झाले की येथे पाणी भरण्याच्या कामी येतात, आणि 2001 ते 2009 या काळातील अध्यक्ष जॉन कुफोर यांच्या कारकिर्दीत पाण्याची इतकी टंचाई भासली, की त्या डब्यांना ‘कुफोर गॅलन’ असेच नाव पडले. निकामी डब्यांचे तुकडे तांब्याच्या तारेने जोडून क्लॉटी त्यांचे प्रचंड पट तयार करतो. गल्लीतील पट पावलांनी झिजले होते, त्यांवरून कोंबड्या हिंडत होत्या, आणि मला ते मनापासून आवडले.

गल्लीच्या तोंडाशी एक प्रौढ बाई केंके विकीत बसल्या होत्या. वडीलधाऱ्या स्त्रीला तेथे ‘आंटी’ म्हणतात. आंबवलेल्या मक्याचा, कणसाच्या पातींत गुंडाळून शिजवलेला तो आंबट गोळा, तळलेली मासळी आणि शितो नावाची काळी, झणझणीत चटणी असे जेवण त्यांनी पुढे ठेवले. कोकणात वाढलेल्या माझ्या जिभेला त्या आंबटपणाची ओळख पटवून द्यावी लागली नाही. जेवता जेवता आतल्या कपाटावर तांबड्या-निळ्या चौकड्यांची एक भली मोठी पिशवी दिसली, आणि पुस्तकी ज्ञानाच्या उत्साहात मी विचारले, “हिलाच ‘घाना मस्ट गो’ म्हणतात ना?”

आंटींचा हात थांबला. “ते तिकडे, लागोसमध्ये,” त्या म्हणाल्या. “आम्ही हिला ‘एफिएवुरा सुआ मे’ म्हणतो. म्हणजे, घरमालका, ओझे उचलू लाग.”

घाना चालते व्हा! ज्या शब्दांनी एका मुलीला घराबाहेर काढले, ते मी तिच्याच पानावर बसून उच्चारले होते. 17 जानेवारी 1983 रोजी नायजेरियाच्या सरकारने फर्मान काढले, की दाखला नसलेल्या परकीयांनी दोन आठवड्यांच्या मुदतीत देश सोडावा. दहा लाखांहून अधिक घानावासीयांवर ही वेळ आली असे मानतात. तेव्हा नऊ वर्षांच्या असलेल्या आंटी अशीच चौकड्यांची पिशवी घेऊन आईबरोबर एका मालमोटारीत चढल्या. घानाची टोगोलगतची सरहद्द आधीपासूनच बंद, म्हणून बेनिननेही आपली वाट अडवलेली. अखेर 29 जानेवारीस घानाने सरहद्द खुली करीपर्यंत माणसे रस्त्यावरच खोळंबली. पिशवीचा बंद तुटला तेव्हा आईने अंगावरचे वस्त्र फाडून ती आवळली, एवढेच आंटींना स्वच्छ आठवत होते. त्याच वर्षी, संपात गिरणी बंद पडल्यामुळे माझे काका वळकटी घेऊन परळहून गावी परतले होते. ती वळकटी ओटीवर कित्येक महिने न सोडता पडून होती.

मी संतापाने काही बोलणार, तोच आंटी म्हणाल्या, “पण आधी आम्ही त्यांना घालवले होते.” हे मला ठाऊक नव्हते, आणि त्या रात्री मुक्कामी परतताच मी ते शोधून वाचले: नोव्हेंबर 1969 मध्ये पंतप्रधान बुसिया यांच्या सरकारने परवाना नसलेल्या परकीयांस घाना सोडण्याचा हुकूम दिला होता, त्यांत नायजेरियन बहुसंख्य होते, आणि मुदतही नेमकी दोनच आठवड्यांची होती.

“यात आता काय आहे?” मी विचारले. त्यांनी पिशवी खाली घेऊन उघडली. आत आईची वस्त्रे होती, घडी न मोडता ठेवलेली. आईची वस्त्रे मुलींकडे जातात, असा तिथला रिवाज. क्लॉटीने 2016 मध्ये आपल्या दिवंगत आईची वस्त्रे स्वतः परिधान करून जो प्रयोग केला, त्याचे मर्म मला पूर्वी वर्णन वाचून कळले नव्हते. एक निळे, धुऊन धुऊन विरळ झालेले वस्त्र आंटींनी उलगडून स्वतःच्या खांद्यावर टाकले, तेव्हा ते कळले. बाहेरच्या पिवळ्या पटाविषयी विचारता त्या म्हणाल्या, “त्यात माझेही डबे असतील.”

गिऱ्हाइके खोळंबली होती. आंटींनी बंद आवळला, पिशवीचे एक टोक धरले, आणि माझ्याकडे पाहून हसत म्हणाल्या, “एफिएवुरा, सुआ मे.” दुसरे टोक मी उचलले.